कानाशी म्हटलेलं गाणं

माझा आवाज लहान आहे. मुरब्यासारख्या मासेमारीच्या गावात असा आवाज घेऊन जन्माला येणं ही तशी अडचणच. आमच्याकडे बायका वाऱ्यावरून बोलतात. किनाऱ्यावर बोट लागली की पाटी डोक्यावर घेऊन एकीने दुसरीला हाक मारायची, तर मधे सगळा समुद्र आवाज करत असतो. हळदीच्या दिवशी बायका गातात ती गाणी शेजारच्या गावाला ऐकू गेली पाहिजेत, नाहीतर हळद लागली असं कोण म्हणणार? माझी आई बाजारात बसली की आईस्क्रीमवाल्याची घंटा तिच्यापुढे ऐकू येत नाही. आणि तिच्या पोटी मी. शाळेत गाण्याच्या बाईंनी समूहगीतासाठी मला मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, तू नुसते ओठ हलव. सलग तीन स्नेहसंमेलनं मी ओठ हलवले.

त्यामुळे वयाच्या एकतिसाव्या वर्षी कुणीतरी मला गायला लावेल असं मला वाटलं नव्हतं.

मी तेव्हा बोईसरला एका औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये होते. आजही तिथेच आहे. गोळ्यांची, पावडरीची सॅम्पलं येतात, ती तपासून पास की नापास ते लिहायचं. शिफ्ट संपेपर्यंत मुरब्याकडे जाणाऱ्या रिक्षा बंद होतात, म्हणून एमआयडीसीच्या रस्त्याला आतल्या बाजूला एका बिल्डिंगमध्ये मी खोली घेतली होती. आठवडाभर तिथे आणि महिन्यातून एखाद्या सुट्टीला घरी. लॅबमध्ये नवीन आलेली एक मुलगी जागा शोधत होती. वसईची, ख्रिस्ती, माझ्याहून चारेक वर्षांनी लहान. मी म्हटलं, माझ्याकडे ये. ती एका रविवारी आली, एक बॅग, एक मिक्सर आणि काळ्या कव्हरमधली गिटार घेऊन.

पहिले दोन आठवडे गिटार कपाटावरच पडून होती. आमच्या कंपनीला शुक्रवारची सुट्टी. एका शुक्रवारी दुपारी जेवणं झाली, खालच्या खोलीतली बिहारची मुलं झोपली होती, कुकरच्या शिट्ट्या थांबल्या होत्या. तिने गिटार काढली. बादली पालथी घातली, तिच्यावर एक पाय ठेवला आणि कॉटच्या कडेला बसून वाजवायला लागली. मला वाटलं, तारा जुळवतेय. मग ती काहीतरी पुटपुटायला लागली. मला वाटलं, शब्द आठवतेय. मी ताटं घासून आले, हात पुसत समोर बसले आणि म्हटलं, "गा ना आता."

ती म्हणाली, "झालं की. तीन गाणी झाली."

ते होतं बोसा नोव्हा. नावसुद्धा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिचा मामा मालवाहू जहाजावर कुक होता, तो ब्राझीलच्या बंदरातून कॅसेटी आणायचा. तिच्या घरी देवाची गाणी आणि मामाच्या कॅसेटी, दोनच प्रकार चालायचे. तिने मला सांगितलं की हे गाणं मोठ्यांदा म्हणायचंच नसतं. ब्राझीलमधली तरुण मुलं फ्लॅटमध्ये बसून वाजवायची, शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून हळू गायची, त्यातून हा प्रकार निघाला, अशी एक गोष्ट सांगतात म्हणे. खरी की खोटी, देव जाणे. एक गिटार, एक गळा, बस्स. ढोल नाही, तबला नाही. अंगठा खालच्या तारांवर चालत राहतो, माणूस घरात अनवाणी चालतो तसा. बाकीची बोटं मधेच तारा उचलतात, अपेक्षेच्या जरा आधी किंवा जरा नंतर. आणि आवाज? आवाज नुसता बोलतो. तान नाही, कंप नाही, शेवटचा सूर लांबवून दाखवणं नाही. शेजारी बसलेल्या माणसाला काहीतरी सांगायचंय, तेवढाच.

दुसऱ्या वेळी मी नीट ऐकलं. भाषा पोर्तुगीज, एक शब्द कळत नव्हता. पण ती माझ्याशी बोलतेय असं मला वाटलं. तेव्हा खोलीत ऐकणारी मी एकटीच होते, म्हणजे तसं वाटणं साहजिकच. मला त्या वेळी मात्र ते साहजिक वाटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी न ओरडता माझ्यापर्यंत आलंय असं वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. मी उठून चहा टाकला.

महिनाभराने तिने मला गायला लावलं. मी म्हटलं, मला आवाज नाही. ती म्हणाली, आहे तो काढ. मी घाबरून ताणून गायले तशी तिने हाताने थांबवलं. "मोठा काढू नकोस. आत्ता बोलतेयस ना, तसंच. तुझ्या आवाजाला कुठे पोचायचं नाहीये. आहे तिथे पुरेसा आहे."

हे वाक्य मी कित्येक महिने जपून ठेवलं होतं. लॅबमध्ये काचेच्या नळीत थेंब थेंब सोडताना मनात म्हणायचे.

शुक्रवार आमचे झाले. ती वाजवायची, मी तिच्या मागून पोर्तुगीज शब्द जसे ऐकू येतील तसे म्हणायचे आणि आम्ही दोघी हसायचो. मग ती म्हणाली, मराठीत शब्द कर. मी केले. पुस्तकातली मराठी त्या सुरावर बसेना, नवे कपडे घालून पाहुण्यांकडे गेल्यासारखी अवघडून उभी राहायची. एकदा सहज घरची भाषा आली, हाय, नाय, येल, जाल, आणि ती मात्र लगेच बसली. नाकातून निघणारी, शेवट अर्धवट सोडणारी. मैत्रीण म्हणाली, तुमची भाषा या गाण्यासाठीच केलीय.

मग मी आईचं गाणं केलं.

इथे मला माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. मी आठवीत असताना ते घरातून गेले. गुजरातकडच्या मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून गेले, असं आईने गावात सांगितलं. ते गेले होते नवापूरला. मुरब्याहून नवापूर असं कितीसं? किनाऱ्याने वर गेलं की दोन-तीन गावं सोडून. तिथे एका बाईबरोबर त्यांनी घर केलं होतं, आणि आजही ते तिथेच आहेत. हे आईला माहीत होतं. गावाला माहीत होतं. मला शाळेत पोरींनी सांगितलं होतं. पण आईसमोर कुणीही, एकदाही, ते बोललं नाही. कुणी विचारलं तर ती म्हणायची, बोट लांब गेली हाय. आणि समोरची बाई म्हणायची, हो गो, लांबच्या बोटींचं तसंच. गणपतीला, शिमग्याला, माझ्या निकालाच्या दिवशी, तेच. वर्षानुवर्षं सगळं गाव एका बाईसाठी एक खोटं सांभाळत होतं. आमच्या गावच्या लोकांना भांडखोर म्हणतात. असतीलही. पण ही गोष्ट त्यांनी सांभाळली होती.

घरात आई रोज त्यांचं ताट झाकून ठेवायची. रात्री उशिरा तेच उघडून स्वतः जेवायची. मी कधी काही विचारलं नाही. आमच्या घरात ते विचारायचं नव्हतं.

हे मी मैत्रिणीला सांगितलं. का सांगितलं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. त्या खोलीत त्या आवाजात बसलं की माणूस सांगतो. गाणं हळू असलं की आपलंही कुलूप हळूच निघतं. मी सांगितलं आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी शब्द आणले.

दर्या शांत हाय गो बाय,
बोट लांब हाय,
येल तो येल म्हनत
आय जेवत नाय.

आणखी एक कडवं होतं बोंबील सुकवण्याचं. आणि अगदी शेवटी एक ओळ, जी मी तिला गाऊन दाखवताना माझ्याच तोंडून घाबरत निघाली:

बोट लांब हाय,
नवापूर लांब नाय.

मैत्रिणीने गिटार खाली ठेवली. शब्द पुन्हा एकदा म्हणायला लावले. मग तिने त्याला सूर दिले, इतके साधे की मी म्हटलं, एवढेच? ती म्हणाली, एवढेच. आम्ही ते गाणं म्हटलं. एकदा तिने, एकदा मी. झाल्यावर मी तिला सांगितलं की हे इथेच राहू दे. ती म्हणाली, "वेडी आहेस का? हे खोलीबाहेर जाणार नाही." तिने वेगळी शपथ वगैरे घेतली नाही, मीही मागितली नाही.

ती दोनदा आमच्या घरी मुरब्याला आली होती. आईला ती फार आवडली. ख्रिस्ती असून आमच्यासारखंच मासे खाते याचं आईला कौतुक. कोलंबीचं कालवण तिने तीनदा मागून घेतलं, परत जाताना आईने तिच्या घरासाठी सुक्या बोंबलांची पिशवी बांधून दिली. जेवताना आई तिला म्हणाली, आमचे हे बोटीवर असतात, घरी क्वचितच. मैत्रिणीने मान हलवली. म्हणाली, माझा मामापण जहाजावर होता, मावशी, माहीत आहे मला. मी भाताकडे बघत होते. तिने किती छान निभावलं, असं मला तेव्हा वाटलं.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात आमच्या भागात किनाऱ्यावर एक महोत्सव भरला. स्टॉल, खाणं, पतंग, एका बाजूला स्टेज. स्थानिक कलाकारांना थोडा थोडा वेळ देणार होते. मैत्रिणीने अर्ज केला आणि तिला वीस मिनिटं मिळाली. मला तिच्याहून जास्त आनंद झाला. आमच्या खोलीत तिने चार गाणी बसवली, तीन पोर्तुगीज आणि एक तिच्या आजीकडचं वसईचं. मी समोर घड्याळ घेऊन बसायचे. आईचं गाणं त्यात नव्हतं. ते त्यात असेल का, हा प्रश्नही मला पडला नाही.

आईच्या बचत गटालाही तिथे स्टॉल मिळाला होता. तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी, कोलंबीचं लोणचं. सहा-सात बायका सकाळपासून तिथे होत्या. आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझ्या पोरीची मैत्रीण गाणार आहे, तेव्हा तवा बाजूला करून ऐकायचं.

संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. तिच्या आधी तारप्याचा नाच झाला, लोक उठून त्यात नाचले. मग स्टेजवर एक खुर्ची आणि दोन माईक ठेवले, आणि ती एकटी येऊन बसली. मी स्टेजच्या बाजूला तिच्या गिटारचं कव्हर हातात धरून उभी होते. पहिलं गाणं कुणी ऐकलं नाही. दुसऱ्याला लोक पाठ फिरवून भजी खायला निघाले. मागून कुणीतरी हिंदीत म्हणालं, माईक चालू आहे का बघा. निवेदकाने बाजूने तिला हात फिरवून आटपण्याची खूण केली. मला वाटत होतं, हे गाणं इथलं नाही, हे खोलीतलं आहे, हिने यायलाच नको होतं.

तिने तिसरं गाणं सुरूच केलं नाही. माईक ओढून ओठांजवळ घेतला.

"आता एक इथलं गाणं," ती म्हणाली. "मुरब्यातल्या एका बाईचं. खरी गोष्ट आहे. ती वीस वर्षं लोकांना सांगते की नवरा बोटीवर गेलाय. तो कुठे आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तिलासुद्धा."

आणि ती गायली.

तिने ते वाईट गायलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते सुंदर गायलं. त्या संगीताची खरी ताकद मला त्या दिवशी कळली. माईक ओठांना लावून ती पुटपुटत होती, खोलीत पुटपुटायची तशीच, आणि तो आवाज स्टेजच्या दोन्ही बाजूंच्या खांबाएवढ्या स्पीकरांतून निघून प्रत्येकाच्या कानात जाऊन बसत होता. माणसं थांबली. खाणारे हात थांबले. एक बाई पोराला गप्प करत होती. एवढा जमाव, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की ही मुलगी फक्त मला सांगतेय. मला वाटलं होतं तसंच. अगदी तसंच.

मी काय केलं, तर उभी राहिले. वायर ओढता आली असती. स्टेजवर जाता आलं असतं. आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. पहिलं कडवं होईपर्यंत मला बरं वाटलं. माझे शब्द होते. हजारो माणसं माझे शब्द ऐकत होती, मागच्या रांगेत ओठ हलवणाऱ्या मुलीचे. दोन ओळी, चार ओळी, तेवढा वेळ मी आईला विसरले होते.

मग मी स्टॉलकडे पाहिलं. बचत गटाच्या बायका तवा बाजूला करून ओळीने उभ्या होत्या, आईने सांगितल्याप्रमाणे. एकीचीही नजर आईकडे नव्हती. कुणी वाळूकडे, कुणी स्वतःच्या पदराकडे बघत होतं. आई मधे उभी होती, तोंड स्टेजकडे. नवापूर लांब नाय, ही ओळ आली तेव्हा ती वळली, तवा परत शेगडीवर ठेवला आणि पिठात बोंबील घोळवायला लागली.

टाळ्या खूप वेळ वाजल्या. महोत्सवाचे लोक तिला भेटायला आले, कुणी नंबर घेतला, कुणी पुन्हा म्हणायला सांगितलं. मी कव्हर तिथेच ठेवून स्टॉलवर गेले. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, लिंबं संपली, बाजूच्या स्टॉलवरून चार आण. मी आणली. ती चिरली. रात्री टेम्पोतून परत जाताना बायका उद्याच्या पिठाबद्दल बोलत होत्या, गॅसबद्दल बोलत होत्या, नको तितक्या बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मागच्या दारी भांडी घासत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, तिने मला फसवलं गो, मला ठाऊक नव्हतं.

आई घासत राहिली. मग म्हणाली, "तिला कोनी सांगितलं?"

मी घासलेली भांडी विसळायला घेतली.

"ती परकी पोर. तिला काय माईत? गाव वीस वरसं गप बसलं. माज्यासाटी गप बसलं." तिने भांडं उलटं ठेवलं. "तू तेवडी नाय बसलीस."

त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही.

मी बोईसरला परत गेले तेव्हा मैत्रीण खोलीत होती. तिने केक आणला होता. मला वाटलं होतं ती रडेल, निदान शरमेल. ती आनंदात होती आणि माझा चेहरा बघून खरंच गोंधळली. तिचं म्हणणं असं की तिने कुणाचं नाव घेतलं नाही, मुरब्यात बाई काय एकच आहे का, आणि लोक उठून चालले होते, तिच्याकडे सहा-सात मिनिटं उरली होती, त्या घटकेला लोकांना धरून ठेवील असं तिला ते एकच गाणं सुचलं. लोक रडले, तू बघितलंस ना? चांगलं गाणं खोलीत कोंडून ठेवणं हे पाप आहे, असंही ती म्हणाली. मी म्हटलं, तू म्हणाली होतीस हे खोलीबाहेर जाणार नाही.

"तू ते कधी गाणार होतीस?"

"नाही."

"मग? आणि गायली असतीस तरी तुझा आवाज पोचला नसता."

तिने हे रागाने म्हटलं नाही. लॅबमध्ये आम्ही सॅम्पलचा निकाल सांगतो त्या सुरात म्हटलं. वर्षभर शुक्रवारी शुक्रवारी माझ्यासमोर बसून तिने जे मनात ठेवलं होतं, ते हे होतं. आईला तिने गावासमोर उभं केलं, त्यासाठी मी तिला कदाचित कधीतरी माफ करेन, कारण त्यात माझाही हात आहे. या वाक्यासाठी नाही करणार. पोरकटपणा वाटेल, पण खरं ते खरं.

महिनाअखेरीस मी खोली सोडली. आता रोज जाऊन येऊन करते, सकाळची शिफ्ट मागून घेतलीय. ती आणखी पाच-सहा महिने कंपनीत होती. आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना काम करायचो आणि फक्त सॅम्पलच्या नंबरांबद्दल बोलायचो. मग तिने नोकरी सोडली. आता ती मुंबईत कॅफेंमध्ये गाते, असं लॅबमधली एक जण सांगत होती. ते गाणंही गाते म्हणे, लोकांना आवडतं.

गाण्याचा व्हिडिओ फोनांवरून फिरला. मुरब्यात आला, सातपाटीला गेला, नवापूरलाही पोचला. एक दिवस दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. वडील होते. ते घरातून गेल्यापासून पहिल्यांदाच आवाज ऐकला. ते म्हणाले, "त्यात नवापूरचं नाव कशाला घातलंस?" मी वाट बघितली, आणखी काही म्हणतील म्हणून. आई कशी आहे, एवढं तरी. त्यांनी तेवढंच विचारायला फोन केला होता. मी फोन ठेवला.

आणि गावातल्या बायका घरी येऊ लागल्या. आईला ज्याची भीती होती ते हेच असणार. चांगल्या बायका, जिवाभावाच्या. वाटीत कालवण घेऊन येत, आईचा हात हातात घेऊन बसत, सुस्कारे सोडत. वीस वर्षं ज्यांनी तिला कीव दाखवली नव्हती त्या आता ती मन भरून दाखवत होत्या. आई त्यांना चहा द्यायची आणि कामं काढून उठायची. बचत गटात ती जाईनाशी झाली. पावसाळा संपल्यावर परत जायला लागली, पण स्टॉल लावायला नाही.

एकदा गावात नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनेने सहज विचारलं, काकी, काका कुठल्या बोटीवर असतात? मी तिथेच होते. आई म्हणाली, "नवापूरला ऱ्हातो तो." आणि पुढचं बोलायला लागली. आता ती संध्याकाळी सातला जेवते. एकच ताट घेते.

मैत्रिणीने मागे एकदा मेसेज केला होता. त्यात तिने लिहिलं होतं की बघ, तुझी आई त्या खोट्यातून मोकळी झाली असेल. असेलही. बाहेरून बघणाऱ्याला तसं दिसेल. पण ज्याला ती मोकळं होणं म्हणते ते आईने मागितलं नव्हतं, आणि ते आईला देण्याचा अधिकार मैत्रिणीलाही नव्हता, मलाही नव्हता. मी उत्तर दिलं नाही.

ते संगीत मी दोन-तीनदा परत ऐकून पाहिलं. कंपनीच्या बसमध्ये, कानात इअरफोन घालून. परक्या माणसाचा आवाज, गिटार, तोच अंगठा. पूर्वी मला वाटायचं की जो हळू बोलतो तो खरं बोलतो, ओरडणाऱ्याला काहीतरी विकायचं असतं. आता तो आवाज कानाशी आला की मी आधी विचार करते, हा आणखी किती जणांना असंच सांगतोय? एकदा हा प्रश्न पडला की गाणं ऐकता येत नाही. बाजारातल्या बायकांचं ओरडणं मला आता बरं वाटतं. त्यात फसण्यासारखं काही नसतं.

मी परत गायले नाही.

गेल्या महिन्यात एका शनिवारी कामावरून घरी आले तर आई काळा चष्मा लावून ओट्यावर बसली होती. पालघरला जाऊन तिने एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं होतं. शेजारच्या काकी बरोबर गेल्या होत्या. तारीख दोन आठवडे आधी ठरली होती, तपासण्या झाल्या होत्या, गोळ्या आणल्या होत्या, आणि त्याच घरात रोज झोपायला येणाऱ्या मला यातलं काही माहीत नव्हतं. मी काकींना विचारलं, मला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, आईनेच सांगू नको म्हटलं.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुला उगाच तरास."

पूर्वी ती मला सगळं सांगायची. कोणाच्या बोटीला काय लागलं, कोण कोणाशी बोलत नाही, पाठ कुठे दुखते. आता घरातल्या गोष्टी मला शेजारणीकडून कळतात. आई माझ्याशी वाईट वागत नाही, डबा करून देते, उशीर झाला तर रस्त्यावर येऊन उभी राहते. फक्त सांगत नाही.

डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असतात. सकाळचे आणि संध्याकाळचे मी घालते. ती खुर्चीत मान मागे टाकून बसते, मी खालची पापणी ओढते, हात स्थिर ठेवते, त्याची मला सवय आहे. थेंब पडला की ती डोळा मिटून घेते. मी विचारते, झोंबतंय का गो? ती म्हणते, नाय.

खरं काय ते मला कळत नाही.